आधी दिवा, मग माणूस

एका गावात एक पेव होतं. एक कसलं, शंभरावर होती! पण आपल्याला त्यातल्या एकाशीच काम आहे, म्हणून एक म्हटलं.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर तोंड इतकं अरुंद की एक माणूस अंग चोरून उतरेल. आत मात्र दोन पुरुष खोल आणि चांगलं ऐसपैस. गाव नदीकाठचं, धंदा हळदीचा. हळद पेवात भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं आणि चांगलं गिऱ्हाईक आलं की उघडायचं. वर्ष जावो, दोन वर्षं जावोत, आतल्या हळदीला कीड लागत नसे.

पण बंद पेवातली हवा मरते. ती डोळ्यांना दिसत नाही. नाकालाही कळेलच असं नाही. घाईनं आत उतरलेला माणूस हाक मारायच्या आत आडवा होतो. म्हणून गावात जुनी रीत होती. पेवाचं तोंड एक दिवस आणि एक रात्र उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरवायचा, विझला तर थांबायचं. आधी दिवा, मग माणूस. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

मग तुम्ही विचाराल, इतकी सोपी रीत कुणी मोडेल कशाला? अहो, घाईपायी! आणि घाई असते ती वर उभा राहणाऱ्याला. खाली उतरणाऱ्याला कधी घाई झालेली मी तरी ऐकली नाही.

आदल्या हंगामात एका व्यापाऱ्यानं अशीच घाई केली. भरमू नावाचा तरणाबांड गडी पेवात उतरला तो जिवंत वर आला नाही. व्यापारी गाव सोडून गेला. भरमूच्या आईला पेठेनं एक लुगडं आणि दोन पोती जोंधळा दिला. पेठेला वाटलं, मिटलं.

ते काही मिटलं नाही. बातमी राजाच्या कानावर गेली. राजाचा निरोप आला, "पेवांवर मी माझा माणूस नेमतो. त्यानं हो म्हटल्याशिवाय कुणाला खाली उतरवायचं नाही."

झालं! पेठेत एकच धावपळ उडाली. भरमू मेला तेव्हा ज्यांनी दुकानाची फळीसुद्धा लावली नव्हती, त्या सगळ्यांना एका दुपारी नीती आठवली. कुणाला अशी एकाएकी नीती आठवली की मला आधी शंका येते. तुम्हालाही यावी.

पेठेचा प्रमुख होता गुरुपादशेठ. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्याला दुष्ट ठरवाल आणि ही गोष्ट आपल्याबद्दल नाहीच असं समजून खुशाल झोपाल. तो मापात मारत नसे. गड्यांच्या आजारपणाला औषध देई. पेठेत त्याच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्याला आवडत असे.

त्यानं सगळ्या व्यापाऱ्यांना देवळात जमवलं. म्हणाला, "वैद्याला त्याचा धर्म असतो. न्याय करणाऱ्याला असतो. मग व्यापाऱ्यालाच का नसावा? आपले नियम आपण करू, आपणच पाळू. आपल्यावर पहारेकरी कशाला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारा व्यापारी तेवढा कुरकुरला, "मी पाळीन रे. पण बाकीचे पाळतील कशावरून?"

"शपथ घेतल्यावर पाळतीलच की!" गुरुपादशेठ म्हणाला. म्हाताऱ्याच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं, पण तेवढ्यावरच सभा पुढं सरकली.

नऊ नियम झाले. पहिला पेवाचा. एक दिवस आणि एक रात्र तोंड उघडं, मग दिवा, मग माणूस. गुरुपादशेठनं स्वतः ते लिहिले. पितळेच्या पत्र्यावर कोरून पत्रा पेठेच्या वेशीवर ठोकला. मग प्रत्येकानं मूठभर हळद हातात घेतली आणि देवासमोर शपथ वाहिली. पेढे वाटले. राजानंही ऐकलं, खूश झाला आणि पहारेकरी काही पाठवला नाही.

त्या गर्दीच्या कडेला यल्लव्वा उभी होती. ही मेलेल्या भरमूची थोरली बहीण. तिचा नवरा साताप्पा गुरुपादशेठच्या पेवांत उतरायचं काम करी. तिच्या हातावर कुणीतरी पेढा ठेवला. तिनं तो खाल्ला नाही, शेजारच्या पोराला देऊन टाकला.

घरी जाताना साताप्पा म्हणाला, "आता तरी तुझ्या जिवाला घोर न्हाई. शेठनी पितळंवर लिवलंय."

"पितळंवर लिवलंय ते चांगलंच हाय," यल्लव्वा म्हणाली. "पर पितळ काय पेवाच्या तोंडाशी येऊन उभं ऱ्हातंय व्हय?"

साताप्पा हसला. बायकोच्या संशयी स्वभावाची त्याला सवय होती. भावाच्या दुःखानं तिला असं झालंय, असं त्याला वाटे.

शपथेनंतर पेठेत एक गंमत झाली. गंमत म्हणायचं, पण हसू येत नाही. नियम पाळण्यापेक्षा नियम कोण मोडतो, हे बघण्यातच लोकांचा वेळ जाऊ लागला. हा त्याच्या पेवावर डोळा ठेवी, तो याच्या. कुणाचं पेव उघडलं की चार दुकानांतून चार माना बाहेर येत. आणि सगळ्यांत जास्त डोळा होता गुरुपादशेठचा. नियम त्यानं केले होते ना! कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. इथं तर गावच हळदीचं. शेठला जिथं तिथं चोरी दिसू लागली.

त्याचा सर्वांत जास्त संशय होता मलगोंडावर. मलगोंडा वयानं लहान, धंद्यात नवा, पण हुशार. तो कमी बोले. कमी बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही, म्हणून शेठला तो खुपत असे.

अशात एके सकाळी घाटावर नावा लागल्या. खालच्या मुलखातला एक मोठा व्यापारी हळद न्यायला आला होता. नदीचं पाणी उतरू लागलं होतं, म्हणून तो म्हणाला, "उद्या सकाळी आम्ही निघणार. तोवर ज्यांची पोती घाटावर येतील त्यांचीच हळद नेईन."

आता त्या गावात पहिल्या पोत्याचा मान असे. मोठ्या गिऱ्हाइकाच्या नावेत पहिलं पोतं ज्याचं चढे, त्याला घाटावर नारळ मिळे आणि वर्षभर पेठेत त्याचं नाव होई. हा मान तीन पिढ्या गुरुपादशेठच्या घरात होता. त्याच्या आजोबानं घेतला, बापानं घेतला, त्यानं घेतला. आणि नेमकी आज त्याची सगळी पेवं लिंपलेली होती. आज उघडावं तर उद्या हळद वर काढेपर्यंत दुपार होणार. तोवर नावा गेलेल्या असणार.

शेठ तळमळला. तरी मनाशी म्हणाला, "जाऊ दे. माझं जसं, तसं सगळ्यांचंच आहे. नियम म्हणजे नियम."

बघा, इथवर माणूस कसा सोन्यासारखा होता. दुपारी मात्र त्याचा दिवाणजी धावत आला. "शेठ, मलगोंडाची पोती घाटावर निघाली!"

"काय?" शेठ उठून उभा राहिला. "सकाळी नावा लागल्या आणि दुपारी पोती? मग यानं एक दिवस आणि एक रात्र पेव उघडं ठेवलं कधी? जा, बघून ये."

दिवाणजी गेला. कुंपणावरून डोकावून आला. म्हणाला, "पेव उघडं आहे. माणसं आत आहेत. हळद वर येते आहे." पेव उघडलं कधी, हे त्यानं विचारलं नाही. शेठनंही त्याला विचारलं नाही. मनासारखं उत्तर मिळालं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

"मोडली! शपथ मोडली मेल्यानं!" शेठ संतापला. आणि खरं सांगू? त्या संतापात थोडा आनंदही होता. "तो मोडणार आणि मी पाळत बसणार? त्यानं नारळ घ्यायचा आणि मी पितळेचा पत्रा चाटायचा? चला, माझं पेव उघडा!"

पेव उघडलं. साताप्पाला बोलावणं गेलं. तो आला, उघडं तोंड बघितलं, बाजूची ओली माती बघितली.

"शेठ, उद्या दुपारी उतरतो की."

"उद्या नावा नसतील. तोंड उघडून घटका झाली, चांगलं ऊन पडलंय, हवा आत गेली असेल. कंदील सोड, म्हणजे तुझीही खात्री होईल."

साताप्पानं कंदील सोडला. निम्म्यावर जाईतो ज्योत बारीक झाली आणि गेली.

"वाऱ्यानं विझला," शेठ म्हणाला.

बाजूच्या लिंबाचं पानही हलत नव्हतं. साताप्पानं शेठकडे बघितलं. अकरा वर्षं त्यानं या माणसाचं मीठ खाल्लं होतं. त्याच्या लेकीला ताप आला तेव्हा याच माणसानं रात्री वैद्य पाठवला होता. वाईट मालकाला नाही म्हणणं सोपं असतं. चांगल्या मालकावर संशय घ्यायची लाज वाटते. साताप्पाला ती लाज वाटली. त्यानं मुकाट्यानं दोर कमरेला बांधायला घेतला.

तेवढ्यात यल्लव्वा भाकरी घेऊन आली. तिनं नवऱ्याच्या कमरेचा दोर बघितला. जमिनीवर पडलेला विझलेला कंदील बघितला. तिनं भाकरीची टोपली खाली ठेवली आणि पेवाच्या तोंडाशी चक्क फतकल मारून बसली.

"ऊठ तिथून," शेठ म्हणाला.

"दिवा इझलाय, शेठ."

"वात जुनी होती."

"मग नवी घाला. माझी काय ना न्हाई."

एव्हाना आजूबाजूचे लोक जमले होते. चारचौघांत नाही कसं म्हणणार? नवी वात आली, कंदिलात तेल भरलं. शेठनं स्वतःच्या हातानं तो पेटवला. दोरी खाली सोडली. सगळे वाकून बघत होते. ज्योत चांगली मोठी होती. निम्म्यावर गेली, आकसली आणि विझली.

साताप्पाचा हात कमरेच्या गाठीवर थांबला.

आणि मग शेठच्या तोंडून मनातलं बाहेर पडलं. "मलगोंडानं आज हेच केलं! त्याला कुणी अडवलं नाही. सगळे नियम मलाच काय?"

"मलगोंडाशेठचं मला ठावं न्हाई," यल्लव्वा म्हणाली. "त्यांच्या पेवात माझं कुनी न्हाई. ह्या पेवात माझा धनी चाललाय."

"अकरा वर्षं मी त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळला! एवढाही विश्वास नाही माझ्यावर?"

"हाय की. लई हाय," यल्लव्वा म्हणाली. "म्हनून तर म्हनते, आधी तुम्ही उतरा. तुम्ही खालनं हाक मारलीसा की ह्ये लगी खाली येतील."

लोकांत कुजबुज झाली. शेठचं तोंड लाल झालं. पेठेचा प्रमुख, तीन पिढ्यांचा मानकरी, आणि एक भाकरी घेऊन आलेली बाई त्याला भर दुपारी हे सांगत होती! त्यानं पागोटं काढून दिवाणजीच्या हातात दिलं. "आण दुसरा दोर! बघाच तुम्ही!"

दोर कमरेला बांधला. शेठ पेवाच्या काठावर बसला. दोन्ही पाय आत सोडले.

पायाला गारवा लागला. खाली काळोख होता. नुकताच विझलेला कंदील तिथं लोंबकळत होता, पण दिसत नव्हता. शेठनं एक पाय आणखी खाली घातला. मग थांबला. मघापासून तो साताप्पाला सांगत होता की वारा होता, वात जुनी होती, हवा आत गेली असेल. आता ते सगळं त्यानं स्वतःला सांगून बघितलं. स्वतःला काही ते पटेना.

लोक बघत होते. शेठनं पाय वर ओढून घेतले.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, तो चिडू तरी शकला असता. पण कुणी हसलं नाही. तो तिथंच मातीत बसून राहिला. "साताप्पा," तो म्हणाला, "सोड तो दोर." आणि मग हळूच, फक्त साताप्पाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी तुला घालवला असता रे." साताप्पा आपल्या कमरेची गाठ सोडवत राहिला.

गलका ऐकून मलगोंडा तिथं आला. काय झालं ते लोकांनी त्याला सांगितलं. आपलं नाव कसं निघालं, तेही सांगितलं.

"अण्णा," मलगोंडा गुरुपादशेठला म्हणाला, "मी माझं कुंपणाआडचं पेव परवाच गुपचूप उघडलं. खालच्या गावाच्या घाटावर नावा लागल्याचं मला परवाच कळलं होतं. एक दिवस सोडा, दोन दिवस ते उघडं होतं. आज सकाळी दोनदा दिवा सोडून बघितला, मग माणसं उतरवली."

शेठनं मान वर केली. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही माणूस पाठवलात, तोही कुंपणावरून डोकावायला." मलगोंडा प्रामाणिक होता, म्हणून पुढचंही बोलला. "आणि खरं सांगायचं तर, मला वाटलं, तुम्हाला सांगितलं तर नारळ तुम्हीच न्याल."

म्हणजे बघा! एकाच देवासमोर शपथ घेतलेली ही दोन माणसं. एकमेकांवर एवढाही भरवसा नव्हता. आणि त्या दोघांच्या मधे, मघाशी कमरेला दोर बांधून, साताप्पा उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावा गेल्या. पहिलं पोतं मलगोंडाचं चढलं. नारळ त्याला मिळाला. गुरुपादशेठ घाटावर गेला नाही.

पण एकदा उघडलेलं पेव तसंच सोडता येत नाही. आत ओल शिरते, हळद काळी पडते. गिऱ्हाईक असो वा नसो, ते रिकामं करावंच लागतं. दुपारी शेठ पेवाशी आला. एक दिवस आणि एक रात्र उलटून गेली होती. साताप्पा आला होता. यल्लव्वाही आली होती, आणि आज तिच्या हातात भाकरीची टोपली नव्हती.

कंदील सोडला. तो तळाला टेकला आणि जळत राहिला. सगळ्यांनी बराच वेळ वाट बघितली. ज्योत हलली नाही.

"आज मी आधी उतरतो," शेठ म्हणाला. "माझ्या पेवात इथून पुढं पहिला मीच उतरणार."

त्यानं पागोटं काढलं, दोर बांधला आणि उतरला. पोट तोंडाशी अडकलं, तेव्हा साताप्पानं खांद्याला धरून त्याला खाली सरकवलं. दिवाणजीला हसू आवरेना. खालून शेठची हाक आली, "हवा चांगली आहे रे!" थोड्या वेळानं तो वर आला. धोतर पिवळं, हात पिवळे, कपाळाला माती. इतका मळलेला शेठ पेठेनं कधी बघितला नव्हता.

साताप्पानं दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि पेवाच्या काठावर बसला. एवढ्यात यल्लव्वानं कंदील उचलला, वात वर केली आणि तो पुन्हा दोरीला बांधू लागली.

शेठ बघत राहिला. "अगं, मी आत्ता स्वतः आत जाऊन आलो. अजून तुझा संशय फिटला नाही?"

"तुम्ही वर आलायसा, शेठ," यल्लव्वा म्हणाली. "खाली आता ह्ये चालल्यात."

शेठनं तिच्या हातातली दोरी आपल्या हातात घेतली आणि कंदील हळूहळू, ज्योतीवरची नजर न काढता, तळापर्यंत सोडला.

तात्पर्य: धंदा करणाऱ्यानं नीतीचे नियम घ्यावेत आणि पाळावेत, यात दुमत नाही, पण शेजारी पाळत नसेल एवढ्या संशयावर ज्यानं आपला नियम मोडला, त्यानं तो मनापासून कधी घेतलाच नव्हता. संशय घ्यायचाच असेल, तर पहिला आपल्या घाईवर घ्यावा.